समोर मोकळा रस्ता, तरी काठी थरथरते : खोट्या इशाऱ्यांचं कारण शोधताना

तक्रार नेहमीची आहे. दृष्टिहीनांसाठीची, अल्ट्रासोनिक सेन्सर (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) लावलेली काठी टेबलावर उत्तम चालते. समोर हात नेला की मोटर फिरते, हात काढला की थांबते. तीच काठी हातात घेऊन कुणी चालू लागलं की समोर दहा पावलं काही नसताना मूठ थरथरायला लागते. कधी एखादाच झटका, कधी सलग, कधी ठरावीक अंतराने.

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो पल्ला, म्हणजे किती अंतराच्या आत इशारा द्यायचा ते, कमी करण्याचा. दोन मीटरचा दीड, दीडचा एक. इशारे कमी होतात, पण काठीचं कामही संपतं. साधी पांढरी काठी जमिनीलगतचं सगळं सांगते. तिला कळत नाही ते कमरेच्या वरचं : रस्त्याकडे उघडलेली खिडकी, खाली आलेली फांदी, उभ्या ट्रकची मागची फळी, जिन्याची तिरपी खालची बाजू. इलेक्ट्रॉनिक्स लावायचं ते एवढ्यासाठीच, आणि हा इशारा तोंडावर आपटण्याआधी पुरेसा वेळ राखून मिळायला हवा.

तो वेळ किती, हे मोजता येतं. माणूस सेकंदाला १ मीटर चालतो असं धरा. गाळणीतून (चुकीची वाचनं फेकणारा सॉफ्टवेअरचा भाग) सेन्सरचं वाचन बाहेर यायला साधारण १८० मिलिसेकंद, मोटरला वेग घ्यायला १००, माणसाला कळून पाय आवरायला ५००. म्हणजे ७८ सेंमी चालून झालं. वर थांबतानाचं एक पाऊल, ६० सेंमी. झाले जवळपास १४० सेंमी. वेग सेकंदाला १.४ मीटर असेल तर हाच आकडा १७० सेंमीच्या आसपास जातो. पल्ला एक मीटर ठेवलेली काठी अडथळा सांगते, पण उशिरा.

तेव्हा पल्ल्याला हात लावू नका. आधी कारण शोधा. सॉफ्टवेअरमधली गाळणीही आधी घालू नका. ती खरी चूक झाकते आणि मग ती चूक सापडणं अवघड होतं.

पुढचं सगळं ज्या जोडणीला धरून आहे ती अशी : अर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर, ३ व्होल्टची १० मिमी नाण्याच्या आकाराची व्हायब्रेशन मोटर, एक १८६५० लिथियम सेल, टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल (संरक्षण असलेलं), आणि ५ व्होल्ट करून देणारं बूस्ट मॉड्यूल. दुसरा मायक्रोकंट्रोलर असला तरी तर्क तोच. फक्त ३.३ व्होल्टचा बोर्ड असेल तर सेन्सरच्या इको पिनवर (प्रतिध्वनीचा वेळ सांगणारी पिन) १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक लावा, कारण ही पिन ५ व्होल्ट देते.

पाच पायऱ्यांची चाचणी

प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट वाढवायची आणि ५०० वाचनं नोंदवायची. दर ६० मिलिसेकंदांना एक वाचन धरलं तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वाचनं कच्ची हवीत, गाळणी न लावलेली. समोर निदान पाच मीटर मोकळी जागा ठेवा आणि २०० सेंमीच्या आतली वाचनं किती आली ते मोजा.

१. काठी खुर्चीला पक्की बांधा, चालताना असते त्याच कोनात. मोटरची वायर काढून ठेवा. आजूबाजूला कुणी नको.
२. तसंच ठेवून मोटर जोडा आणि दर सेकंदाला अर्धा सेकंद फिरवा, वाचन काहीही असो.
३. काठी वापरणाऱ्याच्या हातात द्या. तो उभाच राहील.
४. जागेवर उभं राहून काठी डावी-उजवीकडे फिरवायची, टोक टेकवायचं नाही.
५. आता टोक टेकवत फिरवायची, आधी गुळगुळीत फरशीवर, मग खडीवर किंवा गवतावर.

पहिल्या पायरीलाच खोटी वाचनं आली तर दोष सॉफ्टवेअरमध्ये, सेन्सरमध्ये किंवा खोक्यात आहे. दुसऱ्या पायरीला सुरू झाली तर वीजपुरवठा. तिसऱ्या पायरीला आली तर हात, बाही किंवा मनगटाचा पट्टा सेन्सरसमोर येतोय. चौथ्याला आली तर बाजूच्या वस्तू दिसत आहेत. पाचव्या पायरीत फरशीवर ठीक आणि खडीवर बिघाड असेल, तर सेन्सरचा कोन चुकला आहे. दोन्हीकडे आली तर टोकाच्या टकटकीचा आवाज आत शिरतोय.

५०० मध्ये चार-पाच सुटी वाचनं चुकीची आली तर चालतं, ती गाळणी काढून टाकते. पण दोन-तीन सलग चुकीची आली की समजायचं, यामागे कारण आहे.

शून्य म्हणजे अंतर नव्हे

पहिल्या पायरीत सापडणारा हा सगळ्यांत जास्त आढळणारा दोष. अर्डुइनोचं पल्सइन फंक्शन इको पिनवरची पल्स किती मायक्रोसेकंद टिकली ते मोजतं, आणि त्याला ५८ ने भागलं की सेंमी मिळतात. ठरलेल्या वेळेत पल्स पूर्ण झाली नाही तर ते ० परत करतं. त्या शून्याला ५८ ने भागलं की अंतर ० सेंमी येतं. ० हे २०० पेक्षा कमी, म्हणून मोटर सुरू. आणि ० हे सगळ्यांत जवळचं, म्हणून सगळ्यांत जोरात. रस्ता जितका मोकळा तितका इशारा जोरदार, असा उलटा प्रकार. मोकळ्या मैदानात थरथरणारी आणि खोलीत शहाण्यासारखी वागणारी काठी दिसली की आधी हेच बघा.

नुसतं "शून्य असेल तर दुर्लक्ष करा" एवढं लिहून सोडू नका. एचसी-एसआर०४ ला ट्रिगर पिनवर १० मायक्रोसेकंदांची पल्स दिली की तो ४० किलोहर्ट्झच्या आठ लहरी सोडतो, इको पिन वर (५ व्होल्टला) नेतो आणि प्रतिध्वनी आला की खाली (० ला) आणतो. प्रतिध्वनी आलाच नाही तर इको पिन साधारण ३८ मिलिसेकंद वर राहून मग खाली येते. आता पल्सइनची मुदत २५ मिलिसेकंद ठेवली, तर मोकळा रस्ताही ० आणि इकोची वायर तुटली तरीही ०. वापरणाऱ्याला दोन्ही वेळा एकच कळणार : शांतता. एकीकडे वाट मोकळी आहे, दुसरीकडे काठी मेली आहे.

मुदत ४५ मिलिसेकंद ठेवा. मग मोकळ्या रस्त्यावर ३८,००० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा आकडा येतो आणि ० फक्त तेव्हाच येतो जेव्हा पिन वर गेलीच नाही. सलग २० वेळा ० आलं, म्हणजे सव्वा सेकंदभर, की तीन लांब थरथराट द्या आणि ते दर दहा सेकंदांनी देत राहा. त्याचा अर्थ एकच : सेन्सर बंद आहे, फक्त काठीवर विसंबा. ३८ चा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी बनलेल्या मॉड्यूलमध्ये कमी-जास्त असतो, म्हणून आपल्या हातातलं मॉड्यूल आकाशाकडे धरून एकदा मोजा आणि मुदत त्याहून पाच-सात मिलिसेकंद जास्त ठेवा.

याच कारणाने दोन ट्रिगरमध्ये निदान ६० मिलिसेकंद अंतर पाहिजे. इको पिन वर असताना दिलेला ट्रिगर मॉड्यूल ऐकतच नाही, आणि पल्सइन आधीची पल्स संपायची वाट पाहत बसतं. वाचनं वाढवावीत म्हणून हे अंतर ३० मिलिसेकंदांवर आणलं की मोकळ्या रस्त्यावर उलट निम्मी वाचनं वाया जातात.

मोटर सुरू झाली की मेंदू बंद

दुसऱ्या पायरीतला दोष. नाण्याएवढी मोटर चालताना ८० मिलिअँपिअरच्या घरात घेते आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याहून बरंच जास्त. ती नॅनोच्या पिनला थेट जोडलेली असेल तर तिथेच थांबा : एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि रोजच्या वापरात २० च्या वर जाऊ नये. ट्रान्झिस्टर हवाच. बीसी५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, सुरुवातीच्या झटक्याला ती काठावर येते. २एन२२२२ वापरा, बेसला १ किलोओहम. मोटरच्या दोन टोकांवर उलटा डायोड (१एन४१४८ किंवा १एन५८१९) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर, तोही मोटरच्या अगदी जवळ. बोर्डवर लावला आणि मधे २० सेंमी वायर सोडली तर त्या वायरीतून ब्रशची ठिणगी सगळीकडे पसरते.

लक्षण ओळखीचं असतं : दर दोन-अडीच सेकंदांनी एक झटका, तालात. होतं असं की खरा अडथळा आला, मोटर सुरू झाली, व्होल्टेज बसलं, नॅनो रीसेट झाला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा अडथळा दिसला, पुन्हा मोटर. हे पकडायची सोपी युक्ती म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना दोन छोटे थरथराट द्यायचे. चालता चालता मधेच ते दोन जाणवले की रीसेट झाला, प्रश्न मिटला. एलईडी लावून हे तपासता येतं, पण काठी वापरणाऱ्याला तो दिसणार नाही. त्याला स्वतःला दोष ओळखता आला पाहिजे.

रीसेट न होताही बिघाड होतो. एचसी-एसआर०४ ला ५ व्होल्ट लागतात. ४.५ च्या खाली तो बंद पडत नाही, भलतंसलतं बोलू लागतो. म्हणून सेल थेट ५ व्होल्टच्या पिनला जोडलेल्या काठ्या सकाळी, सेल ४.२ वर असताना, कशाबशा चालतात आणि दुपारनंतर वेड्यासारख्या थरथरतात. बूस्ट मॉड्यूल घालून ५ व्होल्ट करा, आणि त्यावरचा पेचाचा पोटेन्शिओमीटर एकदा लावला की त्याच्यावर गोंदाचा थेंब टाका. काठीचे हादरे तो पेच हळूहळू फिरवतात.

मोटरला मात्र हे ५ व्होल्ट देऊ नका. तिची वायर बूस्टच्या आधी, संरक्षण मॉड्यूलच्या आउटपुटवरून घ्या, मधे १० ओहम टाका. ८० मिलिअँपिअरला ०.८ व्होल्ट रोधकात जातील, मोटरला तीन-सव्वातीन मिळतील, आणि तिचा झटका सेन्सरच्या वाटेवर येणार नाही. मोटरची परतीची वायरही त्याच मॉड्यूलच्या ऋण टोकाला वेगळी न्या. सेन्सरच्या ग्राउंडला जोडून वायर वाचवली की ०.१ मायक्रोफॅरडने काही होत नाही. सेन्सरच्या पाठीवर पुरवठ्याच्या पिनांना १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड, बूस्टच्या इनपुटला ४७० मायक्रोफॅरड. एवढं केल्यावर दुसऱ्या पायरीचे आकडे पहिल्यासारखेच यायला हवेत.

९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर ही काठी चालवायचा मोह टाळा. तिचा आतला रोध जास्त असतो, मोटरच्या प्रत्येक झटक्याला ती बसते, आणि ९ चे ५ करताना जवळपास निम्मी शक्ती उष्णतेत जाते.

कोन

सगळ्यांत जास्त वेळ द्यायची जागा ही. आणि सगळ्यांत कमी वेळ इथेच दिला जातो. सेन्सर काठीच्या नळीला चिकटपट्टीने आडवा बांधला जातो आणि प्रोग्रॅम लिहायला सुरुवात होते.

काठी चालताना उभी नसते, तिरकी असते. टोकापर्यंत १२० सेंमीची काठी आणि जमिनीपासून ९० सेंमीवर हात, असं असेल तर नळी जमिनीशी साधारण ४९ अंश करते. (हाताची उंची भागिले काठीची लांबी, त्याचा साइन व्यस्त.) सेन्सर नळीच्या दिशेने तोंड करून लावला तर तो सव्वा मीटरवरची जमीन बघतो आणि कायम ओरडतो. नळीला काटकोनात लावला तर ४१ अंश वर बघतो. अशी काठी दाराखाली आली की चौकटीला ओरडते, आणि समोर छातीच्या उंचीवरचा टेम्पोचा आरसा तिला दिसत नाही.

मग लोक तो बरोब्बर आडवा, समोर तोंड करून लावतात. हे बरंच बरं, पण खडीवर आणि गवतावर खोटे इशारे येतात ते इथूनच. एचसी-एसआर०४ चा झोत शंकूसारखा पसरतो. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १५ अंशांपर्यंत तो नीट ऐकतो, आणि मोठ्या किंवा खरबरीत पृष्ठभागाला त्याहूनही रुंद ऐकतो. सेन्सर ८५ सेंमी उंचीवर, तोंड सरळ समोर. २० अंश खाली जाणारी कडा २३३ सेंमीवर जमिनीला टेकते. चालताना हात थोडा खाली झुकला की हे अंतर आणखी कमी होऊन दोन मीटरच्या आत येतं. ४० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ८.६ मिमी. फरशीचा खडबडीतपणा त्यापुढे काहीच नाही, म्हणून फरशी आरशासारखी वागते आणि आवाज पुढे निघून जातो. खडी, गवत, फुटका रस्ता यांची दाणेदार घडण त्या ८.६ मिमीच्या जवळची किंवा मोठी, म्हणून आवाज सगळीकडे विखुरतो आणि थोडा परत येतो. घरात चाललेली काठी अंगणात बिघडते, त्याला हे कारण पुरतं.

उपाय : झोताची मधली रेषा आडव्यापासून १५ अंश वर. मग खालची कडा जवळपास आडवी राहते आणि जमीन दिसत नाही. वरची कडा ३० अंशांवर जाते : १ मीटरवर १४३ सेंमी उंची, दीड मीटरवर १७२, दोन मीटरवर २००. वरच्या उदाहरणातल्या काठीला यासाठी नळी आणि सेन्सरच्या पाठीमधे २६ अंशांची पाचर लागते, म्हणजे ४१ चे १५ होतात. पाचर लाकडाची असो वा थ्रीडी प्रिंटची, ती एका पेचावर फिरणारी करा. माणसाची उंची, काठीची लांबी, हात धरायची लकब, सगळं वेगळं असतं. कोन लावताना माणसाला त्याच्या नेहमीच्या पद्धतीने उभं राहू द्या, फोनमधलं लेव्हल सेन्सरच्या बोर्डला टेकवा, १५ दिसलं की पेच आवळा. टेबलावर बसून लावलेला कोन रस्त्यावर टिकत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. १६५ सेंमी उंचीवर लटकलेली फांदी सेन्सरपासून साधारण १४० सेंमीपर्यंतच या झोतात असते. त्याहून जवळ गेल्यावर ती झोताच्या वर निघून जाते. सेन्सर म्हणतो वाट मोकळी, मोटर थांबते, माणूस निर्धास्त पाऊल टाकतो आणि फांदी कपाळावर. म्हणून पल्ल्याच्या आतला अडथळा अचानक नाहीसा झाला तरी इशारा दीड सेकंद चालूच ठेवायचा. खोटे इशारे कमी करायच्या नादात हा दीड सेकंद काढून टाकलेला बरेचदा दिसतो. तो परत घाला. जास्त पक्कं हवं असेल तर ४० अंश वर बघणारा दुसरा सेन्सर लावा, पण मग पुढचा आवाजाचा भाग नीट वाचा.

खोकं, जाळी, पट्टा

सेन्सरच्या दोन नळकांड्यांसाठी खोक्याला १६.५ मिमीची भोकं, केंद्रापासून केंद्र साधारण २६ मिमी (आपलं मॉड्यूल एकदा मोजून घ्या), आणि नळकांडी भिंतीच्या बाहेर दोन-तीन मिमी आलेली. आत बुडाली तर भोकाच्या काठावरून आवाज परतून ३ ते ८ सेंमीची वाचनं येतात, तीही अधूनमधून, त्यामुळे दोष लवकर सापडत नाही. पावसापासून वाचवायला पुढे प्लास्टिकचा पातळ कागद लावू नका. डोळ्याला तो पारदर्शक, पण ४० किलोहर्ट्झला ती भिंत आहे. जाळीत पाण्याचा थेंब अडकला तरी असंच होतं. पावसात वापरायची काठी असेल तर जेएसएन-एसआर०४टी सारखा बंद तोंडाचा सेन्सर घ्या. त्याला २०-२५ सेंमीच्या आतलं नीट कळत नाही, एवढं सोसावं लागतं.

खोकं आणि नळीच्या मधे ३ मिमी रबर किंवा फोम, आणि मोटर त्या खोक्यात नाही तर मुठीत, तर्जनी टेकते त्या जागी. मोटरच्या केसासारख्या वायरी सोल्डरच्या जागीच तुटतात, तिथे गरम गोंदाचा थेंब आणि वायरला एक सैल वळसा.

मनगटाचा पट्टा मात्र आधी तपासा. काठी हातात धरली की तो मुठीखाली लोंबतो आणि चालीबरोबर झुलतो. दर दोन पावलांना एकदा तो सेन्सरसमोरून जातो. वाचनांत २४० च्या आसपासच्या आकड्यांमधे ठरावीक अंतराने ६-७ येण्याचा ताल दिसला की दुसरं काही शोधू नका. ढगळ बाहीचंही तसंच. सेन्सर मुठीपासून १२-१५ सेंमी खाली घेतला की दोन्ही सुटतात. उंची तेवढी खाली आली की कोन पुन्हा मोजा.

आवाजाची गर्दी

दोन सेन्सर एकाच वेळी किंवा ३० मिलिसेकंदांच्या फरकाने सोडले तर एकाचा प्रतिध्वनी दुसरा आपला समजतो. पहिल्याने सोडलेला आवाज साडेपाच मीटरवरच्या भिंतीवरून ३२ मिलिसेकंदांनी परत येतो. दुसरा तिसाव्या मिलिसेकंदाला सुटला असेल तर त्याच्या लेखी हा दोन मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी, म्हणजे ३५ सेंमीवरची वस्तू. मोठ्या रिकाम्या दालनांत, जिथे खरं तर काहीच अडचण नाही, तिथे असे भुताटकीचे अडथळे येतात. आळीपाळीने सोडा, प्रत्येकी ६० मिलिसेकंद द्या.

अशा काठ्या घेतलेली दोन माणसं समोरासमोर आली तरी हाच घोळ. त्यासाठी अंतर नेमकं ६० न ठेवता ६० ते ७५ मिलिसेकंदांत दर वेळी बदलतं ठेवा. मग परक्या आवाजाचं वाचन एका जागी टिकत नाही, आज ४० सेंमी, उद्या १९०, आणि गाळणी त्याला फेकते.

चाव्यांचा खुळखुळाट, बसच्या हवेच्या ब्रेकचा फुस्स आवाज, कडक जमिनीवर धातूच्या टोकाचा टणका, या सगळ्यांत ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा अंश असतो. पहिल्या दोनांचं आपल्या हातात काही नाही. टोकाला नायलॉनची टोपी लावली की तिसरा पुष्कळ कमी होतो.

आता गाळणी

इथवर आल्यावर कच्ची वाचनं स्वच्छ झालेली असतील. आता पाच वाचनांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधे येणारा आकडा) घ्या. सरासरी नको. २४०, २३८, ०, २३६, २३५ यांची सरासरी १९० येते आणि २०० च्या मर्यादेवर खोटा इशारा होतो. मध्यक येतो २३६. पाचांतली तीन बरोबर असली की पुरे, म्हणून खरा अडथळा आल्यावर उशीर फक्त तीन वाचनांचा, १८० मिलिसेकंद. अकरा वाचनांचा मध्यक घेणारे प्रोग्रॅम दिसतात. तिथे सहा वाचनं थांबावं लागतं, म्हणजे ३६० मिलिसेकंद, आणि सुरुवातीचा सगळा हिशेब कोसळतो.

मर्यादेला सुरू-बंदचं वेगळं अंतर द्या : २०० ला सुरू, २१५ ला बंद. नाहीतर १९९-२०१ मधे डोलणारं वाचन मोटरला तडतडवतं. पातळ्या तीनच ठेवा : २०० ते १५०, १५० ते १००, आणि १०० च्या आत. ताल बदला, जोर नको, कारण हातमोजा असला किंवा हात गारठला तर जोरातला फरक कळत नाही. प्रत्येक ठोका निदान १२० मिलिसेकंदांचा हवा. मोटरला वेग घ्यायलाच ५० ते १०० लागतात, त्याहून छोटा ठोका बोटाला पोचत नाही. सलग थरथराट कुठल्याच पातळीला देऊ नका, अर्ध्या मिनिटात बोट बधिर होतं.

बोळात किंवा गॅलरीत काठी फिरवताना दाराच्या चौकटी आणि खांबांच्या कडा दिसतातच. त्या खऱ्या वस्तू आहेत, खोटा इशारा म्हणता येत नाही, पण माणूस वैतागतो. मुठीवर एक बटण द्या, ज्याने मर्यादा १२० सेंमीवर येईल आणि पुन्हा दाबल्यावर २०० वर. प्रत्येक स्थितीला वेगळा थरथराट, म्हणजे कुठल्या स्थितीत आहोत ते कळेल. हा निर्णय चालणाऱ्याने घ्यायचा, प्रोग्रॅमने गपचूप घेऊ नये.

तापमानाच्या दुरुस्तीवर वेळ घालवू नका. २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, ४० अंशांना साधारण ३५५. दीड मीटरवर पाच सेंमीचा फरक पडतो. त्याने खोटा इशारा येत नाही.

अल्ट्रासोनिकऐवजी व्हीएल५३एल०एक्स सारखा लेझरचा सेन्सर लावला असेल तर वेगळी गोष्ट. तो ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालतो. कडक उन्हात त्याचा पल्ला फार घटतो, पुढच्या काचेवर ओरखडा किंवा बोटाचा ठसा पडला की जवळची खोटी वाचनं येतात, आणि काचेचं दार त्याला दिसत नाही, पलीकडचं दिसतं. अल्ट्रासोनिकला काच भिंतीसारखी दिसते. काठीसाठी एकच निवडायचा असेल तर अल्ट्रासोनिकच घ्या.

चालताना नोंद

टेबलावरची परीक्षा पास झाली तरी उरलेले खोटे इशारे रस्त्यावरच सापडतात, आणि ते ज्याला जाणवतात त्यानेच नोंदवायला हवेत. अंगठ्याखाली दुसरं बटण द्या. इशारा खोटा वाटला की दाबायचं, आणि प्रोग्रॅमने आधीची २० कच्ची वाचनं नॅनोच्या ईईप्रॉममधे (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिहायची. सेंमीला दोनने भागून वाचन एका बाइटमधे बसतं. २५५ म्हणजे प्रतिध्वनी नाही, २५४ म्हणजे पिन वर गेलीच नाही. १०२४ बाइटमधे असे ५१ प्रसंग मावतात, एका चक्करीला पुष्कळ झाले. बरोबर एक डोळस माणूस चार पावलं मागे चालू द्या, त्याने फक्त वेळ आणि समोर काय होतं ते लिहायचं, बोलायचं नाही.

घरी येऊन दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. ६-७ चा ताल दिसला तर पट्टा. ३ ते ८ मधली तुरळक वाचनं म्हणजे खोक्याचा काठ. १७० ते २०० मधे पसरलेली म्हणजे जमीन, कोन एक-दोन अंश वर घ्या. विखुरलेले, कुठेच न टिकणारे आकडे म्हणजे बाहेरचा आवाज. आणि १८० वर स्थिर, सलग पाच-सहा वाचनं असतील, तर मागच्या माणसाची वही उघडा. तिरक्या उभ्या गुळगुळीत भिंतीवरून आवाज दुसरीकडे जातो, ती दिसतच नाही. काठी फिरता फिरता भिंतीला काटकोनात आली की एकदम दिसते, पुढच्या झोक्यात परत नाहीशी होते. चालणाऱ्याला तो खोटा झटका वाटतो, पण तिथे भिंत असते. अशा ठिकाणी त्या माणसाला सावकाश परत न्या, काठी तिथेच दोन-तीनदा फिरवू द्या, आणि हाताने भिंत दाखवा.